तोरोची रेड आणलीत, पण तांबडा रस्सा नको : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात स्पेनच्या तोरो भागातल्या रेड वाईनबद्दल जेमतेम चार ओळी टाकल्या होत्या. थामोरा प्रांतातली, दुएरो नदीकाठची, साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोलवाली, स्पेनमधल्या सगळ्यात दणकट रेडपैकी एक, शंभर वर्षांच्या कलम न केलेल्या वेलींची, आणि नुसती प्यायची नाही तर जेवणाबरोबर घ्यायची, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा अंक तिच्यावरच खर्ची घालतोय. निम्म्या लोकांनी मटणाचंच विचारलंय, तेव्हा तिथूनच सुरू करू.

प्रश्न (पुणे): भाचा माद्रिदहून येताना तोरोची बाटली घेऊन आलाय, लेबलवर १५ टक्के लिहिलंय. आमच्या यांचं म्हणणं, वाईन एवढी स्ट्राँग आहे तर जेवण पण झणझणीतच पाहिजे, कोल्हापुरी मटण आणि तांबडा रस्सा करू. बरोबर आहे का त्यांचं?

ताई, मटण जरूर करा, पण तांबडा रस्सा त्या दिवशी नको. सगळ्यांचा घोळ इथेच होतो, आपल्याकडे जेवण दणकट म्हणजे तिखट असंच डोक्यात बसलंय, आणि तोरोचा दणका वेगळ्या जातीचा आहे. तोंडातल्या ज्या नसांना गरम चहाचा चटका कळतो त्याच नसांना मिरचीही कळते आणि जास्तीचं अल्कोहोलही कळतं, म्हणजे तांबडा रस्सा आणि १५ टक्क्यांची वाईन एकत्र आली की दोघं मिळून एकाच ठिकाणी आग लावतात, मग तुम्ही आग विझवायला अजून एक घोट घेता आणि ती अजून भडकते. वर या वाईनमध्ये टॅनिन भरपूर, सुपारी चघळल्यावर तोंड कसं आवळून येतं तो प्रकार. तिखटाने आधीच सोललेल्या जिभेवर हे टॅनिन नुसतं खरखरीत आणि कडू लागतं. फळाची चव गेली, वास गेला, भाच्याचे पैसे पण गेले.

टॅनिनला काय हवं असतं तर चरबी, प्रोटीन आणि मीठ. एरवी ते तुमच्या लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, समोर मटणाची चरबी आणि प्रोटीन असलं की ते तिकडे गुंततं आणि वाईन एकदम मऊ वाटायला लागते. मीठानेही कडूपणा दबतो, म्हणून आळणी जेवणाबरोबर ही वाईन राक्षस वाटते आणि नीट मीठ पडलेल्या मटणाबरोबर शहाणी होते. तेव्हा करायचं काय, तर सुकं मटण. कांदा चांगला काळपट होईपर्यंत परतायचा, खोबरं-तीळ भाजून वाटायचे, लवंग, दालचिनी, काळी मिरी बिनधास्त घाला कारण यातले वास वाईनमध्ये पण असतात, आणि मिरची फक्त बेडगी किंवा काश्मिरी, रंगापुरती. तुकडे चरबीवाले घ्या, एखादी नल्ली घ्या, आणि मंद आचेवर शिजू द्या, घाई करू नका. टोमॅटो आणि लिंबू मात्र आवरतं घ्या. पांढऱ्या रश्शाचं विचाराल तर तो तिखटाच्या हिशोबाने चालेल, पण तो वाटीने प्यायचा पदार्थ, इकडे पण घोट तिकडे पण घोट, मला काही ते जमत नाही. यांना तांबडा रस्सा हवाच असेल तर रविवारी करा आणि बाटली शनिवारी उघडा.

प्रश्न (निफाड, द्राक्ष बागायतदार): तुम्ही लिहिलं की तोरोला शंभर वर्षांच्या वेली कलम न करता उभ्या आहेत. आमच्याकडे डॉगरिज नाहीतर एकशेदहा आर या खुंटांवर (म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळावर) कलम केल्याशिवाय बाग लावायची कुणी हिंमत करत नाही. तिकडे कसं काय जमतं? आणि एवढं अल्कोहोल येतं कुठून?

दादा, तुमच्या प्रश्नाला जरा मोठं उत्तर देतो. तुमचं कलम पाण्याच्या आणि क्षारांच्या त्रासापायी, युरोपातलं कलम फिलॉक्सेरापायी. फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी बारकी कीड, अमेरिकेतून आली आणि १८६० नंतरच्या काळात आधी फ्रान्सच्या आणि मग जवळजवळ सगळ्या युरोपच्या बागा झोपवल्या तिने, शेवटी उपाय काय निघाला तर अमेरिकन जातीच्या मुळावर युरोपियन वेलीचं कलम. पण या किडीला वाळूत धड फिरता येत नाही, आणि तोरोत बऱ्याच ठिकाणी वरचा थर वाळूचा. त्यामुळे तिथल्या बऱ्याच बागा वाचल्या आणि आजही स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. त्या काळात फ्रान्सला वाईनचा तुटवडा पडला तेव्हा तोरोचा माल तिकडे गेला, काळ्या रंगाचा आणि अंगात जोर असलेला, फ्रेंचांच्या फिक्या वाईनला भर घालायला उत्तम.

तिथली द्राक्ष म्हणजे टिंटा दे तोरो. जात टेम्प्रानिलोचीच, पण शतकानुशतकं त्या उन्हात राहून साल जाड झालेली, घड लहान. उंची ६२० ते ७५० मीटर, म्हणजे नाशिकपेक्षा थोडं वर. पाऊस वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर, आपल्या माणदेशातल्या शेतकऱ्यालाही हा कमीच वाटेल. जुन्या बागांना मांडव नाही, वाय आकाराचे खांब नाहीत, तार सुद्धा नाही, झाड गुडघाभर उंचीचं झुडूप करून ठेवायचं, म्हणजे पानांची सावली घडावर आणि जमिनीलगत ओल धरून राहते. अंतर तीन मीटर बाय तीन मीटर. हेक्टरी अकराशे झाडं, म्हणजे एकरी साडेचारशे. तुम्ही नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या वर लावता, तुलना तुम्हीच करा. प्रत्येक झाडाला पाणी शोधायला एवढी जागा लागते तिकडे, आणि म्हातारं झाड मोजकेच घड देतं, पण जे देतं त्यात माल ठासून.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. आपली वेल झोपतच नाही, म्हणून तुम्ही एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून तिला हाकता. तोरोची वेल हिवाळ्यात शून्याखाली गेलेल्या थंडीत चार-पाच महिने गाढ झोपते, एकच छाटणी, आणि माल सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात दुपारी ३५ च्या वर आणि रात्री पार गारवा. दुपारी साखर चढते, रात्रीच्या गारव्याने रंग आणि आंबटपणा थोडाफार टिकतो.

आता अल्कोहोल. तुमच्या भाषेत सांगतो, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप. वाईनमध्ये एक टक्का अल्कोहोल यायला लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर लागते, १५ टक्के पाहिजे तर २५५ ग्रॅम, म्हणजे तोडणीला २५-२६ ब्रिक्स. तुम्ही एक्स्पोर्टचा थॉमसन अठराला काढता ना, तिकडे तेवढ्यावर कुणी कात्री हातात घेत नाही. पूर्वी तर अजून उशिरा काढायचे, १६-१७ टक्क्यांच्या वाईन व्हायच्या, प्यायल्यापेक्षा चावल्यासारख्या. मानुएल फारिन्या या वाईनवाल्याने लवकर तोडणी करा म्हणून लोकांच्या मागे लागून ती सवय मोडली, आणि १९८७ मध्ये तोरोला स्वतःचं अधिकृत नाव मिळालं, आपण जीआय (भौगोलिक मानांकन) म्हणतो साधारण त्यातलं. त्यानंतर मोठे मासे आले. स्पेनमधल्याच रिओखा या वाईनच्या भागातल्या एगुरेन कुटुंबाने १९९८ ला नुमांथिया ही वायनरी सुरू केली, तिच्यातल्या तेरमांथिया या वाईनच्या २००४ सालच्या मालाला अमेरिकेतल्या वाईन अॅडव्होकेट या मासिकाने १०० पैकी १०० गुण दिले आणि २००८ मध्ये लुई व्हितोंवाल्या फ्रेंच ग्रुपने, एलव्हीएमएचने, अख्खी वायनरीच विकत घेतली. वेगा सिसिलिया, म्हणजे स्पेनमधलं सगळ्यात मानाचं घराणं, त्यांची पिंतिया पण इथलीच, पहिला माल २००१ चा.

टेम्प्रानिलो आपल्याकडे होते का असंही तुम्ही शेवटी विचारलंय, तर होते, दिंडोरीकडे चारोसाने टेम्प्रानिलोची चांगली वाईन काढली होती, पण ती तोरोसारखी लागत नाही आणि लागावी अशी अपेक्षाही करू नये.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही शाकाहारी. सगळीकडे मटण आणि बीफच लिहिलेलं असतं. आम्ही ही वाईन घ्यायचीच नाही का?

घ्या हो, पण आधी एक सांगून ठेवतो कारण नंतर कळलं तर तुम्ही मला बोलाल. रेड वाईन नितळ करायला पूर्वापार अंड्याचा पांढरा बलक वापरतात, तो टॅनिनला धरून तळाशी बसतो आणि काढून टाकतात. काही जण जिलेटिन वापरतात, काही नुसती बेंटोनाइट माती, काही जण काहीच करत नाहीत. तेव्हा कडक शाकाहारी असाल तर लेबलवर व्हेगन लिहिलंय का बघून घ्या. (स्पेनमध्येच खाली खेरेसला, म्हणजे शेरी वाईनच्या गावी, एवढे पांढरे बलक वापरायचे की उरलेले पिवळे बलक नन लोकांकडे जायचे आणि त्या त्याची गोड मिठाई करायच्या, तोसिनो दे सिएलो म्हणतात, आजही मिळते.)

आता ताट. मटणाऐवजी चरबी आणि भाजका वास दुसरीकडून आणायचा. भरली वांगी सगळ्यात बेस्ट, दाण्याचा कूट, तीळ, खोबरं, तेल सुटलेलं, फक्त चिंच कमी आणि तिखट निम्मं. चुलीवर किंवा गॅसवर चांगलं करपवलेलं भरीत, त्यात कच्चा कांदा नको. अख्खा मसूर, कराड-इस्लामपूर साइडला ढाब्यावर मिळतो तसा, पण तिखट कमी करून वर तूप. मशरूम मोठ्या आचेवर बटर-लसणात, पाणी आटेपर्यंत. तिकडचंच काही पाहिजे तर थामोरा भागातले फुएंतेसाऊकोचे काबुली चणे नावाजलेले आहेत, आपले काबुली चणे रात्रभर भिजवून लसूण, तेजपान, ऑलिव्ह ऑइल आणि स्मोक्ड पापरिका घालून मऊ शिजवा, तिकडे त्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) पडतो तो तुम्ही गाळा. पनीर मात्र नको, पनीरमध्ये मीठही नाही आणि मुरलेपणही नाही, वाईन त्याला गिळून टाकते. जुनं मुरलेलं चीज घ्या. चीजमध्येही काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते पण लेबलवर बघा म्हणजे झालं.

प्रश्न (वाशी): सुरमई फ्राय?

नको. रेड वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात नाणं धरल्यासारखी धातूची चव येते, बांगड्याला तर फारच. सुरमईला थंडगार व्हाइट, आणि तोरोपासून गाडीने साधारण पाऊण तासावर रुएदा म्हणून गाव आहे तिथली वेर्देखो द्राक्षाची व्हाइट मिळाली तर अजून काय पाहिजे. थामोरात खारवलेला कॉड लसूण आणि लाल पापरिकात करतात आणि लोक त्याबरोबर खुशाल रेड पितात, पण खारवलेल्या कॉडमध्ये तेल जवळजवळ नसतंच, आपल्या सुरमईचं तसं नाही.

प्रश्न (वायादोलिद, स्पेन, मराठी विद्यार्थी): मी इथे मास्टर्स करतोय, आईबाबा येणारेत, त्यांना एक दिवस तोरोला न्यायचंय. काय बघायचं, काय खायचं? बाबा सगळं खातात, आई फक्त चिकन-मटण.

अरे वा, तू तर दारातच बसलायस. तोरो गाव नदीच्या वर उंच कड्यावर आहे, आधी कोलेखियाता म्हणजे सांता मारिया ला मायोर चर्चच्या मागे जाऊन उभे राहा, खाली दुएरो वळण घेऊन जाते आणि पलीकडे सपाट शेतं. मग चर्चच्या आतला पोर्तादा दे ला माखेस्ताद हा दरवाजा बघायला विसरू नका, दगडात कोरलेल्या मूर्ती अजून रंगीत आहेत, जुने रंग असे टिकलेले फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल एक गोष्ट हमखास ऐकवतील, की चुना कालवायला खालून नदीचं पाणी वर आणण्यापेक्षा तळघरातली वाईन जवळ पडत होती म्हणून वाईनमध्येच कालवला. खरं-खोटं देव जाणे, पण गावाच्या पोटात वाईनची तळघरं खरंच आहेत, घरांच्या आणि रस्त्यांच्या खाली, एखादं उघडं असेल तर आत जाऊन या, बाहेर ३५ डिग्री असेल तरी आत स्वेटर लागेल.

जेवायला दोनच्या आधी कुठे जाऊ नका, किचनच चालू नसतं. आईसाठी लेचाथो. फक्त आईच्या दुधावर वाढलेलं कोकरू, ३५ दिवसांच्या आतलं, मातीच्या पसरट भांड्यात मीठ आणि थोडं पाणी घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात, मसाला म्हणाल तर शून्य. वरची कातडी पापडासारखी वाजते आणि आतलं मटण हाडावरून आपोआप सुटतं. आईला सांगून ठेव की चटणी-लोणचं मागायचं नाही. आता माझं मत लोकांना पटत नाही पण सांगतो, लेचाथो फार नाजूक असतो, त्याच्यासमोर तरुण आणि भरपूर लाकूडवाली तोरो ठेवली की फक्त वाईनच बोलते. सात-आठ वर्षं मुरलेली रेसेर्वा मागव, किंवा सरळ साधी रोब्ले (या शब्दांचे अर्थ पुढच्या उत्तरात दिलेत).

खरी तरुण, धसमुसळी तोरो बाबांच्या ताटाबरोबर. त्यांना आरोथ आ ला थामोराना मागव. हा भात बघितला की पहिल्यांदा कुणालाही वाटतं की आता नाकातून पाणी येणार, लालभडक असतो आणि त्यात डुकराचे कान, नाक, पाय, हॅम सगळं बारीक करून घातलेलं, चिकटसर, तुपट. पण घास घेतला की तिखट काहीच नाही, नुसता धुराचा वास आणि मीठ आणि चरबी, कारण तो लाल रंग पिमेंतोनचा, मिरची ओकच्या धुरावर वाळवून कुटलेली, गोड जातीची. भाताचा तो चिकटपणा ओठाला लागतो, मग वाईनचा एक घोट घेतला की तोंड लख्ख धुतलं जातं आणि पुढच्या घासाला जागा होते, घास-घोट-घास असं चालू राहतं. या वाईनला जेवण का लागतं हे मला इथे बसून दोन पानं लिहून सांगता येणार नाही ते बाबांना त्या एका ताटात कळेल. बीफ खात असतील तर चुलेतोन आहेच, हाडासकट जाड तुकडा, बाहेरून करपलेला आतून लाल, वर जाडं मीठ, पण ते संपवायला दोन माणसं लागतात.

निघताना केसो थामोरानो घे, चुर्रा आणि कास्तेयाना जातीच्या मेंढ्यांच्या दुधाचं चीज, निदान शंभर दिवस मुरवलेलं. आणि गाडी चालवणारा कोण ते सकाळीच ठरवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): लेबलवर होवेन, रोब्ले, क्रियान्सा असं काय काय असतं. महागातली घेतली म्हणजे चांगलीच ना?

नाही ना. होवेन म्हणजे ताजी, लाकडाच्या पिंपात गेलेली नाही किंवा नावाला गेलेली. रोब्ले म्हणजे काही महिने ओकच्या पिंपात. क्रियान्सा म्हणजे दोन वर्षं मुरवलेली, त्यातले निदान सहा महिने पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षं, त्यातलं एक वर्ष पिंपात. ग्रान रेसेर्वा निदान पाच वर्षं. हे फक्त किती काळ ठेवली ते सांगतं, किती चांगली ते नाही, आणि तोरोत तर बऱ्याच नामवंत वायनऱ्या हे शब्द लेबलवर घालतच नाहीत, नुसतं नाव आणि साल. घरच्या मटणाला रोब्ले किंवा क्रियान्सा पुरे. महागडी बाटली विकत घेऊन लगेच त्याच आठवड्यात फोडली तर टॅनिन आणि लाकूड दोन्ही अंगावर येतं, तिला पाच-सात वर्षं अंधारात आडवं पडू द्यावं लागतं, आणि ते आपल्याकडे कपाटावर जमत नाही. आपल्या दुकानात तोरो क्वचितच दिसते आणि दिसली तरी किंमत बघून घाम फुटतो, परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आलीय. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे दोन बाटल्या, तेव्हा नातेवाइकांशी संबंध चांगले ठेवा.

प्रश्न (नागपूर): इथे मे महिन्यात घरात पस्तीस डिग्री असते. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात. पिऊ का? आणि सावजीबरोबर?

भाऊ, ते रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, सोळा ते अठरा डिग्री. तुमच्या रूममध्ये पिली तर अल्कोहोलची वाफ नाकात जाईल आणि बाकी काही कळणार नाही. बाटली फ्रिजमध्ये पाऊण तास-तासभर ठेवा, काढून उघडा, काचेच्या रुंद जगमध्ये ओता आणि जग परत फ्रिजमध्ये. अशा तरुण दणकट वाईनला तासभर हवा लागली की फरक कळतो. फार गार पण नको, गार झाली की टॅनिन अजून कडू लागतं. ग्लास मोठा घ्या आणि तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नका. सावजीला बिअर. विषय संपला.

प्रश्न (बोरिवली): रेड वाईनमधल्या सल्फाइटने माझं डोकं दुखतं. तोरोत सल्फाइट जास्त असतं का?

सल्फाइटवर उगाच आळ येतो. युरोपात ड्राय रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ड्राय व्हाइटला २०० ची, म्हणजे रेडला उलट कमीच. व्हाइटने दुखत नसेल तर कारण दुसरं काहीतरी आहे. इथे साधा हिशोब करा, ७५० मिलीची बाटली १५ टक्क्यांची असेल तर त्यात ११२ मिली शुद्ध अल्कोहोल, १२ टक्क्यांची असेल तर ९०. म्हणजे पाव भाग जास्त, आणि आपण ग्लास मात्र तेवढेच मोजतो. एक ग्लास, पोटभर जेवण, मध्ये मध्ये पाणी. तरी दुखलं तर सोडून द्या आणि डॉक्टरला दाखवा, मला नको.

प्रश्न (म्हापसा): तोरो पोर्तुगालच्या जवळ, मग ती आमच्या पोर्टसारखी गोड असते का? आणि चोरीस-पावाबरोबर जमेल का?

नदी तीच बरं का. तोरोखालून जाणारी दुएरो पुढे पोर्तुगालमध्ये शिरली की दोउरू होते आणि तिच्याच काठच्या द्राक्षांची पोर्ट, टेम्प्रानिलोला तिथे टिंटा रोरीझ म्हणतात आणि ती पण पोर्टमध्ये जाते. फरक बनवण्यात आहे. पोर्टमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाची कडक दारू ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, म्हणून गोड आणि वीस टक्क्यांच्या आसपास. तोरोत सगळी साखर खाऊन संपेपर्यंत आंबू देतात, त्यामुळे ती कोरडी. गोव्यात दुकानात पोर्ट म्हणून जी स्वस्तातली गोड रेड मिळते तिचा दोउरूशी तसा संबंध नाही, पण ती तिच्या जागी ठीक आहे.

चोरीसमध्ये व्हिनेगर आणि मिरची दोन्ही दाबून असतात, आणि तोरोत आंबटपणा मुळात बेताचा, व्हिनेगरपुढे ती एकदम फिकी आणि ढिली पडते. सोरपोतेलचं, म्हणजे तुमच्याकडच्या डुकराच्या आंबट-तिखट रश्शाचं, पण तेच. त्यापेक्षा तुमच्याकडे पेराड, म्हणजे पेरूची घट्ट वडी, मिळतं ना, त्याचा पातळ काप आणि वर खारट, कडक, मुरलेल्या चीजचा तुकडा. स्पेनमध्ये मेंब्रियो नावाच्या फळाच्या वडीबरोबर मेंढीचं चीज असंच खातात. गोड म्हणून एवढंच चालतं, तेही चीज जास्त आणि पेराड कमी ठेवून. चॉकलेट केक आणि पुरणपोळीबद्दल पण दोघातिघांनी विचारलंय, तर गोडाबरोबर कोरडी वाईन आंबट-कडू लागते, नका करू.

प्रश्न (सातारा): आम्ही दोघंच, अर्धी बाटली उरते. किती दिवस टिकेल? टाकवत नाही.

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस आरामात, आणि अशा दणकट वाईनला दुसरा दिवस बऱ्याचदा पहिल्यापेक्षा बरा असतो. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. त्याच्या पुढे गेली तर मटणात घाला. नल्लीचे किंवा खांद्याचे मोठे तुकडे मीठ लावून कढईत चांगले तपकिरी करा, काढून ठेवा, त्याच तेलात कांदा, गाजर, अख्खा लसूण, तेजपान, वरून चमचाभर काश्मिरी तिखट. मग वाईन ओता आणि उघड्यावर निम्मी आटू द्या, ही पायरी गाळू नका, कुकरचं झाकण आधीच लावलं तर अल्कोहोल आत कोंडतं आणि रश्शाला कच्चा दारूचा वास राहतो. आटली की मटण परत टाका, बुडेल एवढं गरम पाणी, कुकरला मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या, नाहीतर जाड बुडाच्या पातेल्यात अडीच तास. भाकरीपेक्षा याला पाव किंवा कुस्करलेला बटाटा जास्त बरा. मीठ शेवटी चाखून घाला, वाईन आटली की रस्सा आधीच दाट झालेला असतो.